मुलगा 13 वर्षांचा फास्ट बॉलर आहे. शाळा बदलावी का? पालकांनी नक्की काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा वसईहून क्रॉस मैदानात नेटला, म्हणजे जाळीतल्या सरावाला, जातो, शाळेच्या मॅचेस खेळतो, दोनदा सिलेक्शन हुकलं, आता सर दादरच्या शाळेत घाला म्हणतायत. आणि जाता जाता लिहिलंय, 'कंबर अधूनमधून दुखते.' प्रश्न शाळेचा आहे, पण मी आधी कमरेचं बोलते.

माझाही मुलगा याच वयापासून फास्ट टाकतोय. बॉलिंगमधलं मला फार कळत नाही आणि त्यावाचून काही अडलंही नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून 'खांदा, खांदा!' ओरडणारे बाबा पुष्कळ आहेत. घरच्यांशिवाय कोणी करणार नाही असं काम एकच: ओव्हर मोजणं. शाळेच्या सरांना मॅच दिसते, अकॅडमीच्या सरांना नेट, क्लबवाल्यांना रविवार. बेरीज कोणाकडेच नसते. मुलगा तर सांगणारच नाही; दमलो म्हटलं की बॉल दुसऱ्याच्या हातात जातो.

एखादा शनिवार बघा. सकाळी आझाद मैदानावर शाळेकडून आठ-दहा ओव्हर. मग वडापाव, आणि दुपारी नेटला हजर. तिथे मोठ्या बॅट्समनना सराव हवा म्हणून हाच तासभर धावत येऊन टाकतोय. नेटमधले बॉल कोणी हिशोबात धरतच नाही. इंग्लंडच्या बोर्डाने 13 वर्षांखालच्या फास्ट बॉलरसाठी एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, 5 आणि दिवसात 10 ओव्हरची मर्यादा घातली होती, 14 आणि 15 वर्षांखालच्यांना 6 आणि 12. आमच्याकडे कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या हिशोबाशेजारी त्या दिवसाचे बॉल लिहिले जातात, नेटचे धरून. आकडा फुगला की मी सरांना फोन करते. सुरुवातीला त्यांना खटकलं, आता तेच विचारतात.

या वयात उंची झपाट्याने वाढते, हाडं अजून कच्ची असतात, आणि प्रत्येक बॉलला कंबर मागे वाकून पिळली जाते. त्यातून मणक्याच्या हाडाला बारीक चीर पडू शकते, स्ट्रेस फ्रॅक्चर. उजव्या हाताने टाकणाऱ्याला बहुतेक वेळा डाव्या बाजूला दुखतं, मागे वाकलं की जास्त. सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही, एमआरआय लागू शकतो. तेव्हा बाम चोळत बसू नका, खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या ऑर्थोपेडिककडे न्या, आणि तोवर बॉलिंग बंद. बुमराहसारख्याचा पाठदुखीमुळे 2022 चा टी-20 वर्ल्ड कप हुकला, मार्च 2023 मध्ये ऑपरेशन झालं.

(1988 च्या हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेतली सचिन-कांबळीची 664 ची भागीदारी आपण कौतुकाने सांगतो. समोर बॉल टाकणारीही शाळेतली पोरंच होती, त्यांच्या कमरांचं कोण विचारतं?)

सिलेक्शनचं फार मनावर घेऊ नका. या वयात लवकर वाढलेली दणकट मुलं उठून दिसतात. यादीत नाव नाही कळलं त्या दिवशी परतीच्या गाडीत क्रिकेट काढू नका, त्याने काढलं तर ऐका.

आता शाळा. सर सचिनचं उदाहरण देतील: त्याचे कोच आचरेकर सर, त्यांच्या सांगण्यावरून तो वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम शाळेत गेला. पण त्यासाठी तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला, हे लोक सांगत नाहीत. तुमचा मुलगा किटबॅग घेऊन गर्दीच्या वेळी विरार लोकलमध्ये रोज चढणार. दादरजवळ राहायची सोय असेल तर विचार करा, नसेल तर बदलू नका, असं माझं मत. त्यातूनही घालायचंच ठरलं तर प्रवेश घेण्याआधी शाळेला दोन गोष्टी विचारा: मॅचमुळे बुडलेली परीक्षा नंतर घेतात का, आणि टीममध्ये आधीच किती फास्ट बॉलर आहेत. एकटाच असेल तर सगळ्या ओव्हर त्याच्याच गळ्यात पडतील.