उंदीर सांभाळणाऱ्याचा पगार आधी लिही

चि.,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू दांडिया बाजारात घरी येऊन संशोधन-अनुदानाच्या अर्जाचा मसुदा ठेवून गेलीस, तो दोनदा वाचला. शास्त्राचा भाग चोख आहे. मधुमेहात यकृतात चरबी का साठते, हा प्रश्न आपल्या बडोद्यात घरोघरचा आहे आणि तू तो नेमका मांडला आहेस. पण खर्चाच्या पानावर मी अडले. उपकरणं, रसायनं आणि सगळ्यात मोठा आकडा नव्या जनुकबदलाचा उंदीर तयार करायला. तो तयार झाल्यावर त्याला जगवायचं कुणी, किती वर्षं आणि कुठल्या पैशातून, याबद्दल एक ओळ नाही.

हीच चूक मी केली होती, म्हणून लिहिते. मी तेव्हा ज्या संस्थेत होते, तिथे परदेशातून आणलेला, एक जनुक बदललेल्या उंदरांचा वाण आम्ही वाढवत होतो. प्राणिगृहात एक काका होते. पिंजऱ्याचं झाकण उचललं की वासावरूनच तूस कधी बदलली ते सांगायचे. प्रत्येक पिंजऱ्यावर पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर पेन्सिलीनं आईबाप, जन्मतारीख, कानाला कुठे छिद्र पाडलंय ते. तीन वर्षांचं अनुदान संपलं, त्याबरोबर काकांची नेमणूकही. बदली माणसानं पिंजरे धुताना दोन कार्डांची अदलाबदल झाली. आम्हाला कळलं चार महिन्यांनी, शेपटीच्या तुकड्यांची तपासणी केली तेव्हा. निम्म्या उंदरांत ते बदललेलं जनुकच नव्हतं. वाण पुन्हा उभा करायला शुक्राणू वगैरे गोठवून ठेवलेलं काही नव्हतं, कारण त्यासाठी मी पैसेच मागितले नव्हते. तो वाण गेला आणि एका मुलीच्या पीएचडीचं दीड वर्ष त्याच्याबरोबर गेलं. ते मला अजून लागतं.

आता हे बघ. १९४९ साली अमेरिकेत, बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीत, एका पिंजऱ्यात कमालीचे लठ्ठ उंदीर दिसले. या उंदरांना स्वतःला पिल्लं होत नाहीत. वाण टिकवायचा तर दिसायला चारचौघांसारखी, पण लठ्ठपणाच्या त्या बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत बाळगणारी भावंडं हुडकावी लागतात. जनुक कुठलं हेच ठाऊक नव्हतं, मग तपासणार काय? जोडी लावायची, पिल्लं मोठी होईपर्यंत थांबायचं, एखादं फुगायला लागलं तर आईबाप वाहक, एवढीच खूण. पिढ्यान् पिढ्या हे चाललं. १९९४ साली रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला ते जनुक सापडलं आणि लेप्टिन, म्हणजे भुकेला आवर घालणारं संप्रेरक, हाती आलं. जन्मतः लेप्टिन नसलेल्या मुलांना आज त्यामुळे उपचार मिळतो. मधली ४५ वर्षं कुणीतरी रोज पिंजरे धूत होतं आणि कुणीतरी त्या माणसाचा पगार देत होतं.

हे उंदीर दिसण्याच्या दोनच वर्षं आधी, १९४७च्या ऑक्टोबरमध्ये, तीच संस्था वणव्यात जळाली होती. सुमारे ९०,००० उंदरांपैकी जवळपास सगळे गेले. तरी वाण परत उभे राहिले, कारण त्यांनी आधी जगभर ज्यांना उंदीर दिले होते, त्यांनी आपापल्याकडचे परत पाठवले. मुठीत धरून ठेवले असते तर सगळं तिथेच राख झालं असतं. म्हणून तुझाही उंदीर तयार झाला की सामाईक केंद्रात, म्हणजे सगळ्या प्रयोगशाळांसाठी वाण सांभाळणाऱ्या ठिकाणी, जमा कर. शोधनिबंध छापून येईपर्यंत थांबू नकोस.

"वापरणाऱ्यांकडून शुल्क घेऊ" असं तू शेवटी लिहिलं आहेस. थोडं चालेल, सगळं नाही. आयोवा विद्यापीठात २००७ साली सार्सच्या अभ्यासासाठी एक उंदीर बनवला होता, त्यात माणसाचं एसीई-२ जनुक घातलं होतं; सार्सचा विषाणू पेशीत शिरताना ज्या प्रथिनाला चिकटतो, त्याचं हे जनुक. सार्स ओसरला आणि त्या उंदराला कुणी विचारेना. शुक्राणू तेवढे गोठवून ठेवले. २०२० साली कोविड आला. साध्या उंदराच्या एसीई-२ला तो विषाणू नीट चिकटतच नव्हता, तेव्हा त्या गोठवलेल्या शुक्राणूंपासून वाण पुन्हा उभा केला गेला आणि लशी-औषधांच्या चाचण्यांना उपयोगी पडला. मधल्या वर्षांत गिऱ्हाईकच नव्हतं, तर शुल्क कुणाकडून घेतलं असतं? ज्याला आज मागणी नाही तेच सांभाळायला पायाभूत अनुदान लागतं. हैदराबाद, बंगळूरकडे सामाईक प्राणी-सुविधा आहेत, पण त्यांनाही दरवर्षीचा पैसा हवा. एकदाच इमारत बांधून भागत नाही.

मांडवीजवळच्या मध्यवर्ती वाचनालयात तू गेली आहेस ना? ती काचेची फरशी, वरच्या मजल्याचा उजेड खाली झिरपतो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून आणलं आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. गावानं वर्गणी काढली की तितकीच भर सरकार घालायचं. वापरणाऱ्याचाही वाटा, तिजोरीचाही. पुस्तकांच्या खरेदीबरोबर ग्रंथपाल तयार करण्यावरही त्यांनी खर्च केला, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि पुस्तक कपाटात आहे तसं राहतं. उंदीर राहत नाही. वेगळा वाढवत गेलात तर वीसेक पिढ्यांत तो निराळा उपवाण मानला जातो, आणि उंदराच्या वर्षाला तीन-चार पिढ्या सहज होतात.

तेव्हा नवा उंदीर बनवण्याआधी जुना कुठे तयार मिळतो का ते शोध. मिळाला तर वाचलेला पैसा प्राणिगृहातल्या माणसाच्या पूर्ण पगाराला, जनुकतपासणीला आणि गोठवणुकीला लाव. अनुदान संपल्यावर वाण कुठे जाईल ते लिही, आणि त्या केंद्राचं संमतिपत्र अर्जाला जोड. समितीतले कुणी म्हणतील, यात संशोधन कुठे आहे. त्यांना लेप्टिनची ती ४५ वर्षं सांग.

गोठवलेले शुक्राणू ज्यात ठेवतात तो लिक्विड नायट्रोजन टाकीतून सारखा उडून जातो, पुन्हा पुन्हा भरावा लागतो. त्याचा वर्षाचा दर पुरवठादाराकडून लेखी घेऊन शनिवारी संध्याकाळी ये. खर्चाचं पान दोघी बसून नव्यानं मांडू.

तुझ्या,
बाई