आठव्या हेन्रीच्या घरात नक्की काय काय होतं?

प्रश्न: इंग्लंडचा राजा आठवा हेन्री वारल्यावर त्याच्या सगळ्या सामानाची यादी केली होती म्हणे. खरंय का? आणि त्यात फक्त सोनंनाणंच होतं का?

उत्तर: हो, अगदी खरंय! हेन्री जानेवारी १५४७ मध्ये गेला, गादीवर आला त्याचा ९ वर्षांचा मुलगा एडवर्ड, आणि त्याच वर्षी मोजदाद सुरू झाली, राजवाडे, जहाजं, शस्त्रागारं, सगळीकडे कारकून फिरले आणि यादीत जवळपास १८ हजार नोंदी झाल्या. सोनंनाणं तर आहेच, पण मला विचाराल तर खरी मजा बाकीच्या वस्तूंत आहे. ७६ रेकॉर्डर, म्हणजे आपल्या बासरीसारखंच पण चोच असलेलं वाद्य, कारण राजा स्वतः वाजवायचा आणि गाणी रचायचा. मखमल लावलेली शौचाची खुर्चीसुद्धा यादीत आहे, कारकुनांनी काही म्हणजे काही सोडलं नाही!

सगळ्यात भारी म्हणजे टॅपेस्ट्री, भिंतीवर टांगायचे विणलेले चित्रपडदे, ते २ हजारांच्या वर होते. यातला बायबलमधल्या अब्राहमच्या गोष्टीचा १० पडद्यांचा संच ब्रसेल्सला विणलेला, रेशीम आणि सोन्याचांदीची जर वापरून, आपल्या पैठणीत असते ना तशी. १६४९ मध्ये राजेशाही गेल्यावर विकण्यासाठी राजाच्या वस्तूंची किंमत काढली तेव्हा हा एकच संच ८,२६० पौंडांचा निघाला, पण तो विकला नाही आणि आजही लंडनजवळ हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आहे, त्यातले काही पडदे तिथल्या मोठ्या हॉलमध्ये टांगलेले आहेत. रंग बरेच उडालेत, पण कधी तिकडे गेलात तर जवळ जाऊन नक्की बघा.