मीटबॉल्सना चकचकीत ग्लेझ नीट का चिकटत नाही?

तुमचा प्रश्न असा की घरी केलेल्या चिकन मीटबॉल्सचा ग्लेझ, म्हणजे वरून लावायचा चकचकीत सॉस, ताटलीत खाली साचतो आणि गोळे कोरडेच राहतात. माझंही आधी हेच व्हायचं. चूक बहुतेक वेळा सॉस पुरेसा न आटवण्यात असते.

अर्धा किलो खिम्याच्या गोळ्यांच्या ग्लेझला पाव वाटी सोया सॉस, तीन चमचे मध (गूळही चालतो, रंग उलट छान येतो), एक चमचा व्हिनेगर, ठेचलेला लसूण-आलं आणि थोडी लाल मिरची पुरते. हे रुंद कढईत मंद आचेवर आटवा. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती मिटली नाही, की झालं. भाजलेले गोळे त्यानंतरच टाकायचे आणि दोनेक मिनिटं कढई हलवत राहायचं. कॉर्नफ्लॉवर शक्यतो नकोच, सॉस आटवूनच घट्ट होतो.

गोळे मऊ राहावेत म्हणून ब्रेडचे दोन स्लाइस दुधात भिजवून कुस्करा, अंडं घाला, पण मळू नका, हलक्या हाताने फक्त एकत्र करा. सोया सॉस खारट, म्हणून खिम्यात मीठ निम्मंच. लिंबाएवढे गोळे ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर १५ ते १८ मिनिटं भाजा. एक फोडून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये.

पार्टी असेल तर गोळे आदल्या दिवशी भाजून फ्रिजमध्ये ठेवा. पाहुणे आले की गोळे आतपर्यंत गरम करून मगच ग्लेझमध्ये घोळवा. वरून तीळ, कांद्याची पात.