'मोटर इमेजरी'ला 'मानसचित्रण' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: शरीर न हलवता एखादी हालचाल मनात करायची आणि त्यातून ती शिकायची, या प्रकाराला, म्हणजे 'मोटर इमेजरी'ला, 'मानसचित्रण' हा शब्द चालेल का?

मला तो खटकतो, तो त्यातल्या 'चित्र'मुळे. स्वतःला बाहेरून उडी मारताना पाहणं वेगळं आणि पायांतला जोर, तोल, जमिनीचा धक्का आतून अनुभवणं वेगळं. मोटर इमेजरीचा गाभा दुसऱ्यात आहे. १९८९मध्ये देसेती, झानरो आणि प्राब्लां या संशोधकांनी लोकांना ठरावीक अंतर प्रत्यक्षही आणि मनातही चालायला लावलं. दोन्हीला लागलेला वेळ जवळपास सारखा निघाला. पाठीवर २५ किलोंचं ओझं दिल्यावर मात्र मनातलं चालणं लांबलं, प्रत्यक्ष चालण्याला लागणारा वेळ फारसा बदलला नाही. डोळ्यांपुढचा रस्ता तर तोच होता! वाढला तो कष्टाचा अंदाज, आणि चित्रात कष्ट दिसत नाहीत.

'मोटर प्रतिमा' तर नकोच, वाचणाऱ्याच्या मनात गाडी उभी राहते. शिक्षणशास्त्रातल्या 'कारक विकास', 'कारक कौशल्य' (इथे 'कारक' म्हणजे हालचालीशी संबंधित) यांच्या धर्तीवर 'कारक प्रतिमा' करता येईल, पण प्रतिमेचा दोष तिथेही उरतो.

आपल्याकडे याहून नेमका शब्दप्रयोग आधीच आहे. आपण मनातल्या मनात वाचतो, मोजतो, म्हणतो. यात क्रिया पूर्ण असते, फक्त ती बाहेर येत नाही. त्याला 'करून पाहणे' जोडा. 'चालून पाहा', 'उचलून पाहा' यांतल्या 'पाहणे'चा डोळ्यांशी संबंध उरलेला नाही, तिथे अर्थ आहे आजमावण्याचा. 'मनातल्या मनात करून पाहणे' इतकं चपखल वर्णन मला दुसरं सुचत नाही. शास्त्रीय लेखनात सुटसुटीत नाम हवं असेल तर मी 'कृतिकल्पन' सुचवेन. 'कृतिकल्पना' नको, तिचा अर्थ 'कृतीविषयीची कल्पना' असाही होतो.

मनातला सराव किती कामी येतो, हेही शब्द निवडताना लक्षात ठेवावं. १९९५मध्ये पास्क्वाल-लेओने हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानोवर एका हाताच्या पाच बोटांचा धडा रोज दोन तास, पाच दिवस करून घेतला. ज्यांनी तो फक्त मनात केला, त्यांच्याही मेंदूतला बोटांच्या स्नायूंचा नकाशा, म्हणजे ते स्नायू हलवणारा भाग, प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांसारखाच विस्तारला. वाजवण्यात मात्र ते पाचव्या दिवशी इतरांच्या तिसऱ्या दिवसाएवढेच पुढे गेले होते, आणि दोन तासांच्या एका प्रत्यक्ष सरावानंतर त्यांनी बरोबरी गाठली.

म्हणून 'मनातल्या सरावाने हात बसला' असं लिहू नये. 'हात बसायला मदत झाली' हे खरं आहे.