लग्नाआधी एवढं वाचून ठेव

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू अर्धंच बोललास आणि मग पावसापाण्यावर गेलास. मला कळायचं ते कळलं. लग्न तीन आठवड्यांवर आलंय, दोघांनाही इतक्यात मूल नको, आणि विचारायचं कुणाला हे कळत नाही. मला विचारलंस ते बरं केलंस. आयुष्य मेडिकलच्या काउंटरमागे गेलंय, या विषयात मला लाज उरलेली नाही.

आधी एक हिशेब. कंडोम दर वेळी आणि नीट वापरला तर वर्षभरात १०० जोडप्यांपैकी साधारण दोघांकडेच दिवस जातात. लोक प्रत्यक्षात जसा वापरतात तसा वापरला, तर हा आकडा १३च्या आसपास जातो. हा फरक मालातल्या खोटीचा नाही. घाई, चुकीचं माप, घरातलं तेल आणि ‘आज राहू दे’, यांचा आहे.

गिऱ्हाईक माझ्याकडे स्ट्रॉबेरी मागतं, चॉकलेट मागतं, ठिपक्यांचा मागतं. माप कुणी विचारत नाही. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात रुंदी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, आपल्याकडे बहुतेक ५२-५३. ताठ असताना शिलाईच्या फितीनं घेर मोज. साधारण ११ ते १२ सेंमी असेल तर हेच माप बसेल. कमी असेल तर ४९ बघ, जास्त असेल तर ५६च्या पुढचं. सैल असला तर आत निसटतो, आवळला तर फाटायची भीती, शिवाय तुलाच नकोसा होतो. यात मर्दानगी आणू नकोस, चपलेचा नंबर सांगताना आणतोस का?

‘अल्ट्रा थिन’ लवकर फाटतो ही समजूत काढून टाक. पातळ असो की जाड, चाचण्या त्याच. ‘जास्त वेळ’ टिकवणारा प्रकार मात्र सुरुवातीला घेऊ नकोस. त्यात बहुधा बेन्झोकेन असतं, म्हणजे बधिर करणारं औषध. उलटा-सुलटा लागला तर तिचीच जागा बधिर व्हायची. सरकारी निरोधला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. १९६८ साली तो आला तेव्हा चहा आणि साबण विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या मालाबरोबर तो दुकानोदुकानी पोचवला होता. आजही प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतो आणि नीट वापरला तर कामही चोख करतो.

घेताना तारीख बघ. पाकीट बोटांनी दाबून बघ, आत हवेचा फुगा लागला पाहिजे. पैशाच्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवू नकोस आणि मे महिन्यात बाइकच्या डिकीत तर मुळीच नको. उष्णतेनं रबर कमजोर होतं.

आता वापरायचं. आतला कंडोम बोटानं एका बाजूला सरकव आणि दुसरीकडून पाकीट फाड. दात नको, कात्री नको. वळलेली कडा बाहेरच्या बाजूला आली पाहिजे. टोक चिमटीत धर म्हणजे हवा अडकणार नाही आणि वीर्याला जागा राहील. मग मुळापर्यंत उलगडत ने. उलगडत नसेल तर उलटा धरला आहेस. तो टाकून दे, दुसरा घे. तोच फिरवून लावायचा नाही, कारण सुरुवातीच्या थेंबातही शुक्राणू असू शकतात. त्याच कारणानं ‘शेवटी शेवटी लावू’ हेही चालत नाही, पहिल्या स्पर्शाआधीच लावायचा. एकावर एक दोन लावणारे शहाणेही मी पाहिलेत. दोन्ही एकमेकांवर घासतात.

वीर्य गेल्यावर तसाच पडून राहू नकोस. ताठरपणा आहे तोवर मुळाशी कडा धरून बाहेर ये. माझ्याकडे घाबरून येणाऱ्यांतले बरेच जण इथेच चुकलेले असतात. मग गाठ मार, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाक. संडासात टाकलास तर तुंबेल आणि प्लंबरला सगळं कळेल.

तेलाचं मुद्दाम वेगळं सांगतो, कारण आपल्या प्रत्येक घरात खोबरेल हाताशी असतं. खोबरेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन, यातलं काहीही कंडोमच्या लेटेक्स रबराला लावलं की काही मिनिटांतच ते कमकुवत होतं. पाण्यावर आधारित जेल आण, सिलिकॉनचंही चालतं. पहिल्या दिवसांत ती बावरलेली असेल, कोरडेपणा असेल, दुखेल. जेलनं बरंच सोपं होतं, पण जेल हा तिच्या होकाराला पर्याय नाही. ती थांब म्हणाली की थांब. आणि तिला विचार: कंडोम की गोळ्या की तांबी, डॉक्टरांशी बोलायचंय का? दर वेळी खाज किंवा आग होत असेल तर लेटेक्सची ॲलर्जी असू शकते. बिनलेटेक्सचेही मिळतात.

आजारांचं थोडक्यात. एचआयव्ही, गनोरिया यांपासून कंडोम चांगलं संरक्षण देतो. हर्पिस, एचपीव्ही कातडीला कातडी लागूनही पसरतात, तिथे तो अर्धामुर्धा. लग्नाआधी दोघांनी एचआयव्हीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते आणि गुप्त राहते.

फाटला तर डोकं धरून बसू नका. दिवस जाऊ नयेत म्हणून तिनं लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. चिठ्ठी लागत नाही. पण दर महिन्याला ती मागायला आलास तर मी ओरडेन. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची चाचणी करा. तुझ्या त्या मित्रालाही सांग: अनोळखी व्यक्तीबरोबर असं झालं तर एचआयव्ही टाळायची औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. सरकारी रुग्णालय गाठायचं, नाहीतर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करायचा.

रविवारी येतोयस ना? तीन मापांची एकेक पाकिटं बाजूला काढून ठेवतो. एकटा असताना लावून बघ, हाताला सवय होऊ दे. दुपारी दोन ते चार दुकानात कुणी नसतं, तेव्हाच ये. घरी सांग, काकांचं कॉम्प्युटर बिघडलंय.

तुझा,
मेडिकलवाला काका