कराटेत ‘फोकस ठेव’ म्हणजे नेमकं करायचं काय?

अकरावीत आहेस असं लिहिलंयस, म्हणून सरळ अरे-तुरे करतो. तुझं म्हणणं असं की सर सारखे ‘फोकस ठेव’ म्हणून ओरडतात, तू रोज रात्री मेणबत्ती लावून त्राटक करतोस, आणि तरी कुमितेत, म्हणजे जोडीदाराशी समोरासमोर लढताना, समोरच्याचा ठोसा बसल्यावरच तो आला होता हे कळतं. मग मन एकाग्र करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी मेणबत्ती विझव. त्राटकानं झोप चांगली लागत असेल तर जरूर कर, पण मेणबत्ती काही तुझ्यावर चालून येत नाही.

मी अंजनगाव सुर्जीकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर पोरांना कराटे शिकवतो. नवं पोट्टं कुमितेला उभं राहिलं की समोरच्याच्या मुठीवर डोळे रोखतं, त्याला तोच फोकस वाटतो. मग ठरलेली तक्रार, ‘सर, त्यानं कवा मारलं समजलंच नाई.’ समजणार कसं? डोळ्याला काही दिसून हात हलेपर्यंत साधारण एक-पंचमांश सेकंद जातो, आणि तोही काय करायचं ते आधीच ठरलेलं असेल तर. कोणता हात येईल, लाथ येईल की ठोसा, हे ठरवायचं असेल तर अजून उशीर. जवळून सुटलेली मूठ तोवर पोचते. पण मुठीच्या आधी खांदा हलतो, खांद्याच्या आधी कंबर, आणि कंबरेच्या आधी पायावरचं वजन बदलतं. ते दिसायला हवं. म्हणून नजर गळ्याखाली, छातीच्या वरच्या भागावर सैल सोडायची आणि बाकीचा माणूस कडेच्या नजरेत ठेवायचा. जपानी तलवारबाजीत याला दूरचा डोंगर बघावा तशी नजर म्हणतात. आमच्या मैदानावरून उत्तरेला गाविलगडाचे डोंगर दिसतात, त्यामुळे माझं काम सोपं झालं. पोरांना आधी डोंगराकडे बघत उभं करतो आणि मग मध्ये जोडीदार आणून ठेवतो. नजर तीच ठेव, म्हणतो. तुझ्याकडे डोंगर नसेल तर टॉवर चालेल.

सतराव्या शतकात ताकुआन नावाच्या झेन भिक्षूनं शोगुनचे, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाचे, तलवार-शिक्षक याग्यू मुनेनोरी यांना हेच लिहून कळवलं होतं. मन समोरच्याच्या तलवारीवर थांबलं की तिथंच अडकतं, आणि स्वतःच्या तलवारीवर थांबलं तरी अडकतंच. म्हणजे तुझ्या सरांना जे हवंय ते मन एका जागी खिळवणं नाही. कापूस वेचणाऱ्या बाया बघ. बोटं या बोंडावर असतात, नजर पुढच्या बोंडावर गेलेली असते आणि तोंडानं कोणाच्या तरी सुनेची गोष्ट चालू असते. तरी एक बोंड सुटत नाही.

कुस्तीत हे आणखी वेगळं. आमच्याकडे नागपंचमीच्या दंगलीत जुन्या पैलवानांची नजर बघितली तर भलतीकडेच असते, कारण पकड बसल्यावर सगळी खबर हातातून येते. स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद नजरेपेक्षा जरा लवकर येतो, हे मोजलेलं आहे. समोरच्यानं श्वास घेतला, ढिला पडला, की डाव. आणि मल्लखांबावर तर ‘फोकस ठेव’ म्हणायला सरही लागत नाहीत. कधी अमरावतीला गेलास तर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात थोडा वेळ उभा राहून बघ. १९१४ ची संस्था आहे, तिच्या चमूनं १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवले होते. खांबावर उलट्या लटकलेल्या पोराचं लक्ष हललं की मांडीची पकड सुटते, आणि त्याला ते दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही.

काता म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्यानं ओळीनं करणं. त्यात मात्र सांगावं लागतं, कारण तिथं मारणारं कोणीच नसतं. हेइआन शोदान हा सुरुवातीचा काता तुला येत असेलच, एकवीस हालचालींचा. इतोसु आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळकरी मुलांसाठी हे हेइआन काते बसवले, तेव्हा ती पोरंही आपल्यासारखीच खिडकीबाहेर बघत असणार. तोच काता रोज केला की शरीर करत राहतं आणि मन घरी जेवायला जातं. यावर माझा उपाय म्हणजे दिशा बदलायची. रोज झेंड्याच्या खांबाकडे तोंड करून सुरू करत असशील तर आज शौचालयाच्या भिंतीकडे तोंड करून कर. निम्मी पोरं तिसऱ्या वळणावर हरवतात, कारण त्यांनी काता पाठ केलेलाच नसतो, खांब आणि कडुनिंब पाठ केलेला असतो. ते जमलं की संथ कर, पाण्यात चालल्यासारखा. मग बाजूला लग्नाचा डीजे वाजत असताना कर. शांततेतली एकाग्रता स्पर्धेच्या हॉलमध्ये कामाला येत नाही, तिथं पाच मॅटवर एकदम शिट्या वाजतात.

२६ जानेवारीला स्टेजवर कवेलू, म्हणजे छपराची कौलं, हातानं फोडतात, त्याला मानसिक शक्ती वगैरे समजू नकोस. कोरडी कवेलू, मध्ये फटी ठेवून रचलेली, बऱ्यापैकी वजन टाकलं की फुटतातच. मनाचं काम तिथं एवढंच, की हात कवेलूपाशी येऊन भीतीनं थबकू नये. गर्दीला आवडतं, म्हणून मीही करून घेतो.

वर्गाच्या सुरुवातीला डोळे मिटून बसवतात त्या मोकुसोबद्दलही विचारलंयस. चांगलं आहे ते. शाळा, घर, मोबाइल तिथं बाहेर राहतं आणि श्वास खाली येतो. पण त्यानं ठोसा दिसायला लागेल, अशी आशा धरू नकोस.

तुझ्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. तू लिहितोस की गुण मिळाला असं वाटून सरांकडे बघितलं आणि तेवढ्यात खाल्लं. हे फार पोरांचं होतं. कुमितेच्या नियमांत गुण द्यायच्या निकषांमध्ये झांशिन धरलेलं आहे, म्हणजे मारल्यानंतरही तोंड समोरच्याकडेच आणि तयारी तशीच. मारून तोंड फिरवलंस तर चांगला ठोसाही वाया जाऊ शकतो. म्हणून सरावात पंच ‘यामे’, म्हणजे ‘थांबा’, म्हणेपर्यंत काम संपलं असं धरायचंच नाही. महिनाभर फक्त एवढं एकच कर. मारायचं, मागे सरकायचं, हात वर, नजर तिथंच. बाकी काही बदलू नकोस.

आणि एक, फळ्यावरचं मागच्या बाकावरून नीट दिसतं का तुला? माझ्याकडचा एक पोरगा लक्षच देत नाही म्हणून सगळे त्याच्या मागे लागले होते, शेवटी चष्म्याचा नंबर निघाला. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासतात का ते विचार आणि दाखवून ये.