५० एमएम प्राइम घेऊ की झूम? प्राइम खरंच जास्त शार्प असते का?

तुमच्याकडं क्रॉप बॉडी (छोट्या सेन्सरचा कॅमेरा) आहे, किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली झूम) आहे, लग्नातले फोटो मऊ, म्हणजे धूसर, येतात आणि "सगळे म्हणतात ५० एफ/१.८ घे, प्राइम ती प्राइम". (प्राइम म्हणजे एकाच एमएमची लेन्स, जवळ-लांब होत नाही; झूम होते. आणि एफचा आकडा जेवढा लहान, तेवढा उजेड जास्त.) हे "सगळे म्हणतात" वाचलं आणि माझं टाळकं सरकलं. आमच्या घरात हे वाक्य माझे मामा म्हणत आलेत.

मामांचा परभणीत स्टुडिओ आहे, रोल धुण्याच्या काळापासूनचा. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. पुढं स्वतःची लग्नं घ्यायला लागलो तेव्हा कर्ज काढून कॅननची २४-७० एफ/२.८ घेतली, दुसरी आवृत्ती. मामांनी ती हातावर खालीवर करून बघितली अन् भर पाहुण्यांत म्हणाले, "एवढ्या पैशात म्हैस आली असती. झूम म्हंजी आळशाचं काम. देवानं पाय कशाला दिलेत?"

पाय! गंगाखेडकडच्या एखाद्या लग्नात "सावधान" चालू असताना स्टेजवर बघा कधी. दोन्हीकडचे मामा, करवल्या, अंतरपाट धरलेले, व्हिडिओवाल्याचा लाईट, आणि पाठीमागं ज्वारीच्या अक्षदा टाकायला उठलेलं अख्खं गाव. क्रॉप बॉडीवर पन्नास ही ७५-८० सारखी वागते. नवरा-नवरी दोघं चौकटीत बसवायची तर मागं सरकावं लागतं, आणि मागं सरकलं की थेट आचाऱ्याच्या कढईत. तेवढ्यात हार पडून गेलेला असतो. न निघालेला फोटो किती शार्प असतो, हे मामांना विचारायचं राहूनच गेलं.

शेवटी स्टुडिओतच सोक्षमोक्ष लावला. भिंतीवर एकसारख्या लग्नपत्रिका चिकटवल्या, एक मधोमध आणि चौकटीच्या चार कोपऱ्यांत चार. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, ट्रायपॉड, लाइव्ह व्ह्यूवर म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोकस, दोन सेकंदांचा टायमर. आधी मामांची ५० एफ/१.८, मग माझी झूम पन्नासवर. एफ/१.८ ला त्यांची लेन्स मऊ. मधली पत्रिका वाचता येत होती, पण अक्षरांच्या कडा दुधट. २.८ ला मधल्या भागात दोघी बरोबरीच्या. कोपऱ्यात मात्र "चि. सौ. कां." वरचा अनुस्वार पन्नासमध्ये शेपूट फुटल्यासारखा ओढला गेला होता, झूममध्ये ते टिंबच होतं. एफ/८ ला पत्रिकेच्या तळाची बारीक ओळ, "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!", दोघींतही सारखीच. फायलींची नावं लपवून मामांना विचारलं, आता सांगा कोणती कुणाची. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाले, "चहा सांग."

प्राइमला एकाच फोकल लेंग्थची, म्हणजे एमएमच्या एकाच आकड्याची काळजी, म्हणून त्या पन्नासमध्ये ६ भिंगांवर भागतं. माझ्या झूममध्ये १८ आहेत, २४ पासून ७० पर्यंत सगळीकडं सांभाळून घ्यायला. त्यामुळं सारख्या किमतीत प्राइमच सहसा शार्प, यात वाद नाही. पण लोक आठ-दहा हजारांची पन्नास लाखाच्या झूमपुढं उभी करतात आणि नुसत्या नावावर तिला जिंकवतात, तिथं माझं डोकं फिरतं. सिग्माची १८-३५ एफ/१.८ तर २०१३ साली खास क्रॉप बॉडीसाठीच आली. झूम असून प्राइमच्या तोडीची.

आता तुमचं. दोष लेन्सच्या काचेत असेल असं मला वाटत नाही. किट लेन्स ५५ वर गेली की एफ/५.६ होते. मंगल कार्यालयाच्या ट्यूबलाईटमध्ये शटर १/१५ सेकंदावर येतं, आणि मग तुमचा हात हलतो नाहीतर नवरी हलते. पन्नास एफ/१.८ ला जवळपास दहापट उजेड घेते, शटर १/१५० होतं, फोटो कडक येतो आणि श्रेय मिळतं 'प्राइमच्या शार्पनेसला'. बरं, १.८ वर दोन मीटरवरून फोकसची खोली, म्हणजे पुढं-मागं जेवढं स्पष्ट दिसतं तेवढी जागा, क्रॉप बॉडीवर जेमतेम दहा-बारा सेंटीमीटर. नवरीचा डोळा लखलखीत आणि अर्धं पाऊल मागं उभ्या नवरदेवाच्या मुंडावळ्या धूसर. अल्बम बघताना त्याचा बाप तुम्हाला विचारणारच.

एक मान्य करतो, रोलच्या काळात मामांचं खरं होतं. निकॉनची १९६३ ची ४३-८६ झूम तर मऊपणासाठीच बदनाम आहे. आणि अजिंठ्याला पहिल्या लेणीत पद्मपाणीसमोर, जिथं फ्लॅशला मनाई आहे, मीसुद्धा पन्नासच लावतो. मामांना कळवायची गरज नाही.

लग्नंच करायची असतील तर २.८ ची झूम, जुनी मिळाली तरी चालेल. फक्त पडलेली झूम एका बाजूनं मऊ होते, म्हणून दुकानात जाताना खिशात चार-पाच पत्रिका न्या, भिंतीला लावा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.